उशिरा गोठणारे थेंब

रेवा, माझ्या नवऱ्याची पहिल्या लग्नाची मुलगी, त्या दिवशी प्रथमच माझ्या प्रयोगशाळेत आली. एकमेकांत न मिसळणारी दोन प्लास्टिकं जोडद्रव्य घालून मी वितळवली होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली निववत होते. भोवतालचं प्लास्टिक केव्हाच गोठून चमकू लागलं. त्यात विखुरलेले थेंब मात्र पातळच राहिले.

“हे का गोठत नाहीत?” रेवानं विचारलं.

“जोडद्रव्यामुळे ते फार बारीक झालेत. स्फटिक धरायला धुळीचा एखादा कण लागतो, तो एवढ्याशा थेंबात सापडतच नाही. उशीर लागतो.”

आम्ही वाट पाहत राहिलो. तिनं मला आपलं म्हणावं, असं फार वाटायचं. पण ते मागायचं कसं?

एकदम ती ओरडली, “एक चमकला! तू बघ ना!”

लग्न झाल्यापासून सात महिने ती मला ‘तुम्ही’च म्हणत होती. मी भिंगाला डोळा लावला, पण मला काहीच नीट दिसेना.