बाल्त्रुसकाकाची कोरडी विजार

आमच्या गावचा बाल्त्रुसकाका पंचावन्न वर्षांचा होईस्तोवर कधी सरहद्दीच्या फाटकातून गेला नव्हता. सरहद्द मात्र त्यानं इतक्यांदा ओलांडली होती, की पलीकडच्या प्रशियातली कुत्री त्याच्यावर भुंकायचं सोडून शेपूट हलवायची. झारच्या अमलात आमची लिथुआनियन भाषा आमच्या अक्षरांत छापणं म्हणजे गुन्हा. मग पुस्तकं छापायची प्रशियात, आणि बाल्त्रुसकाकानं ती पोत्यात भरून, सरहद्दीवरच्या शिर्विंता नदीच्या पाण्यातून, शिपायांच्या बंदुका चुकवत आणायची. अशी वीस वर्षं काढली त्यानं. त्याची बायको पेत्रोनेले म्हणायची, माझं लगीन माणसाशी न्हाई, चिखलाच्या विजारीशी लागलंय.

पुढं झार गेला आणि आमचं स्वतःचं राज्य आलं. राज्य कोवळं, कौनासच्या परराष्ट्र कचेरीत खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त. बर्लिनच्या आपल्या वकिलातीला कागद पोचवायला भरवशाचा गडी हवा होता, तेव्हा कुणीतरी काकाचं नाव काढलं. असा काका सरकारचा थैलीवाला झाला. चामड्याची थैली, तिच्या तोंडावर लाखेची मोहर, मोहरेत आमच्या राज्याची खूण, घोडेस्वार. सोबत पासपोर्ट आणि ही थैली कुणी उघडू नये असा एक कागद.

पहिल्या खेपेला काका सरहद्दीवरच्या किबार्ताई स्टेशनावर उतरला. समोर फाटक, फाटकात गणवेशातला माणूस. गणवेश दिसला आणि काकाचे पाय आपसूक शेताकडं वळले. नदीकाठानं कोसभर वर जाऊन, थैली डोक्यावर घेऊन, कंबरभर पाण्यातून भर दुपारी तो पलीकडं निघाला आणि पुढच्या स्टेशनावर गाडीत बसला. बर्लिनला पोचला तेव्हा विजार चिखलानं कडक झालेली, पण थैलीवर पाण्याचा टिपूस नव्हता. छाती काढून त्यानं ती वकिलातीतल्या नार्बुतास साहेबांपुढं ठेवली.

साहेबांनी पासपोर्ट चाळला. सगळी पानं कोरी.

"शिक्का कुठाय?"

"शिक्का कशापायी लागतोय, साहेब? कुणी बघितलंच न्हाई मला."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "बाल्त्रुसकाका, कागद पोचले. देश पोचला नाही."

मग त्यांनी काकाला नीट समजावलं. थैली मोहरेसकट फाटकातून गेली, तर पलीकडच्यांनी आपलं राज्य मानलं. नदीतून गेली, तर आपणच ते मानलं नाही. आणि फाटकात एकदा जरी ती कुणी फोडली, तरी पुढं दर खेपेला फोडतील. पुढल्या वेळी शिक्का नसला तर थैली दुसऱ्याच्या हाती जाईल, हेही त्यांनी सांगून टाकलं.

काकानं घरी येऊन सगळं पेत्रोनेलेला सांगितलं. बंदुकीला न भ्यालेला माणूस फाटकाला भ्याला होता. पेत्रोनेलेनं विजार धुता धुता ऐकवलं, "उभा जन्म चोरावाणी गेलास. आता एकदा धन्यावाणी जा की."

दुसऱ्या खेपेला काका फाटकात गेला. तिथं एक तरणा जर्मन अधिकारी होता. त्यानं मान्य राज्यांची यादी वरखाली बघितली आणि म्हणाला, लिथुआनियाची थैली ह्यात नाही, उघडा.

काकानं थैली बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसला.

अधिकारी ओरडला, मग शिपाई आले. काकानं खिशातून काळ्या पावाचा तुकडा आणि खारवलेली चरबी काढली आणि चाकूनं कापून सावकाश खायला लागला. बर्लिनची गाडी निघून गेली, तरी तो हलला नाही. शेवटी अधिकारी म्हणाला, जबरदस्तीनं उघडू.

"उघडा की. पर आदी लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"लिथुआनिया सरकारची थैली मी फोडली. खाली सही आन् शिक्का."

अधिकाऱ्यानं टाक शाईत बुडवला आणि तसाच धरून राहिला. जे राज्य यादीत नाही, त्याची थैली फोडली असं लिहायचं तरी कसं? आणि लिहिलं, तर ते राज्य आहे असं त्याच्याच सहीनं ठरत होतं. टाकाची शाई टपकली. तो उठला आणि बर्लिनला तार केली.

दुपार टळता टळता उत्तर आलं, थैली मोहरेसकट जाऊ द्या. अधिकाऱ्यानं शिक्का इतक्या जोरात हाणला की टेबल हाललं. तिथला एक म्हातारा जकात शिपाई आतापर्यंत मिशीत हसत होता. तो पुढं आला आणि म्हणाला, "वीस वर्षं तुझी पाठ बघत आलो, गड्या. तोंड आज बघितलं. पाठच बरी होती."

"आता रोज बघ. सवय हुईल," काका म्हणाला आणि थैली काखेत मारून भर फाटकातून, मधोमध, रेंगाळत गेला. बर्लिनला नार्बुतास साहेबांनी पासपोर्टातलं शिक्क्याचं पान उघडलं आणि अख्ख्या वकिलातीला फिरवून दाखवलं.

घरी परतला तेव्हा पेत्रोनेलेनं आधी त्याची विजार बघितली. मग वाकून, गुडघ्यापाशी चिमटीत धरून बघितली.

"कोरडी हाय. गेलाच न्हाईस जणू?"

काकानं पासपोर्ट तिच्या हातात दिला. तिला वाचता येत होतं, त्यानंच आणलेल्या पुस्तकांवर ती शिकली होती. आपल्या देशाचं नाव आणि त्यावर पलीकडच्यांचा शिक्का तिनं बोटानं दोनदा वाचला. मग चुलीवर तापत ठेवलेलं धुण्याचं पाणी तिनं अंगणात नेऊन ओतून दिलं.