दुरुस्तीत असलेलं रीळ

ग्रंथालयात त्यांना सगळे खळबाई म्हणत. एकतीस वर्षं पुस्तकांना खळ लावून लावून बोटांची टोकं कायम चिकट; चहाचा कपसुद्धा त्यांच्या हातातून सहजी सुटत नसे. तळमजल्यावरची दुरुस्तीची खोली हे बाईंचं राज्य. एक खिडकी, एक लोखंडी दाबयंत्र, दोन कपाटं. नवा माणूस आला की त्या आधी त्याचे हात स्वच्छ आहेत का बघायच्या, नाव मागाहून विचारायच्या.

त्या राज्यात कायदा एकच होता. ज्या वस्तूवर ‘दुरुस्तीत’ अशी पिवळी चिठ्ठी, ती वस्तू कोणालाही मिळायची नाही. प्राध्यापक येवोत नाहीतर मंत्री. आणि दुसऱ्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, ध्वनिफितीचं एक रीळ बावीस वर्षं दुरुस्तीत होतं.

त्या रिळावर बाईंच्या आईचा आवाज होता.

बाईंच्या माणसांत प्रत्येक घराचं मरणाचं गाणं वेगळं. ते आईकडून मुलीकडे जातं. माणूस गेलं की बाकीचे सगळे बाहेर जातात, दार लोटून घेतात, आणि आत गाणारी बाई आणि तिच्या मुली एवढ्याच राहतात. एरवी ते गुणगुणायचंसुद्धा नाही. शिकायचं तेही तिथेच बसून, ऐकून. आजी, म्हणजे आईची आई, गेली तेव्हा बाई पाच वर्षांच्या होत्या आणि तापाने फणफणून शेजारच्या घरी पडल्या होत्या. नेमका त्या दिवशी एक अभ्यासक गावात मुक्कामाला होता. त्याने घरातल्या पुरुषांना विचारलं, पुरुषांनी माना डोलावल्या, आणि त्याने खिडकीखाली यंत्र लावलं. आत गात होती बाईंची आई; तिला कोणी विचारलं नाही. पुढे वडील गेले तेव्हा बाई इथे पुस्तकं मोजत होत्या. त्या गावी पोचल्या तोवर दार उघडलं होतं.

अशाच एका मोजणीत ते रीळ हाती लागलं. खोक्यावर बाईंच्याच गावाचं नाव होतं, आणि आजी गेली ती तारीख. गावी जाऊन आईला सांगितलं तर ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ते कुणाच्या कानावर पडता कामा नये. माझी वेळ येईल तेव्हा तू ऐक. एकदाच. आणि मला म्हण.”

बाईंनी शब्द दिला आणि पिवळी चिठ्ठी चिकटवली. नोंदीचं कार्डही स्वतःच्या हाताने नवं लिहिलं: एक रीळ, एक स्त्री-आवाज, कालावधी अठरा मिनिटं. गावाचं नाव तेवढं गाळलं. उभ्या जन्मात त्यांनी नोंदीत केलेली ही एकच लबाडी.

अविश्वासाला कारणही तसंच होतं. याच ग्रंथालयातून शेजारच्या गावची एक अंगाई कुणीतरी रीतसर अर्ज करून नेली आणि ती साबणाच्या जाहिरातीत वाजली. त्या गावच्या म्हाताऱ्या इथे पायऱ्यांवर येऊन बसल्या होत्या. त्यांना पाणी दिलं, पत्र दिलं आणि वाटेला लावलं.

तीन वर्षांपूर्वी नव्या ग्रंथपालबाई आल्या. वयाने लहान, पण मनाने सरळ. त्यांनी एक फॉर्म काढला. “घरच्यांनी सांगितलं तर ध्वनिफीत राखीव ठेवायची. आपण नवी प्रत करायची, ती कुलपात, आणि घरच्यांखेरीज कोणाला द्यायची नाही. तुमच्या माहितीत असं काही आहे का हो बाई?”

“नाही, मॅडम,” खळबाई म्हणाल्या. कुलूप यांचं, किल्लीही यांचीच; आज या आहेत, उद्या कोण असेल? त्यापेक्षा आपली पिवळी चिठ्ठी बरी.

आई शेवटी बाईंच्याच घरी होती. दर दोन दिवसांनी विचारायची, “नीट आहे ना गं ते?”

“नीट आहे, आई.”

“कुणी ऐकलं नाही ना?”

“कुणी नाही.”

एका मंगळवारी सकाळी, दुधाचा पेला तसाच ठेवून, आई गेली. आत्याला आणि शेजारणींना आईजवळ बसवून बाई चपला घालून निघाल्या. ग्रंथपालबाईंना एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ध्वनिफितींची यंत्रं सांभाळणाऱ्या टेपवाल्याला बोलावलं.

टेपवाल्याने खोकं उघडलं आणि आंबूस वास आला. त्याने फीत नखाने उचलून पाहिली. ती स्वतःलाच चिकटली होती.

“बाई, ही दुरुस्तीत होती ना? मग बावीस वर्षांत दुरुस्त का नाही केली?”

कागद फाटला तर तो सांधायचा कसा हे त्या झोपेत सांगतील. फितीलाही देखभाल लागते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. कोणाला विचारायचं तर रीळ दाखवावं लागलं असतं.

“तीन वर्षांपूर्वी प्रत निघाली असती कदाचित,” तो हळू आवाजात म्हणाला. “आता मंद उष्णतेत भाजून, सुकवून ती सुटते का बघता येईल. आठवडे जातील. खात्री नाही.”

“आज हवंय.”

त्याने हेडफोन बाईंच्या कानांवर ठेवले, यंत्र सुरू केलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खरखर झाली. मग आई आली, तिशीतली आई, भरदार आवाजाची. एक ओळ पूर्ण. दुसरी अर्ध्यावर. मग फीत किंचाळली, फाटली आणि मेजावर तपकिरी भुकटी सांडली. बाईंनी दोन्ही हातांनी ती गोळा करायचा प्रयत्न केला. ती त्यांच्या बोटांना चिकटून बसली.

घरी आत्या दारातच उभी होती. “आलीस? बस आता. आम्ही जातो बाहेर.” बायका जिन्यात गेल्या. दार लोटलं गेलं.

बाईंनी आईचा हात हातात घेतला आणि ती दीड ओळ म्हटली. पुन्हा एकदा म्हटली. पुढे काय होतं ते जगात आता कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते आपणच केलं, हे त्यांना अगदी स्वच्छ कळलं. मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. कार्डावर अठरा मिनिटं लिहिली होती. उरलेला वेळ त्या तिथे तशाच बसून राहिल्या, आणि वेळ भरल्यावर उठून दार उघडलं.

“झालं?” आत्याने विचारलं.

“झालं.”

आत्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “छान म्हटलंस हो. बाहेर एक अक्षरही ऐकू आलं नाही.”