सॉसेजला तीन शिट्ट्या

सूनबाईच्या डोहाळजेवणाला मी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुला काय खावंसं वाटतंय गो?" विचारायची रीत असते म्हणून विचारलं. उत्तरही ठरलेलं असतं, चिंच नाहीतर कैरी. पण आमची सून जर्मनीची. सातवा महिना, मुलाबरोबर खास या कार्यक्रमासाठी रत्नागिरीला आलेली. हिरव्या साडीचा पदर सावरत तिनं जरा विचार केला आणि मोडक्या मराठीत सांगितलं, "सॉसेज. आणि बटाट्याचं सॅलड. माझी आजी करते तसं."

बायका हसल्या. मीही हसले. तिचं सॉसेज म्हणजे डुकराचं, आणि आमच्या घरात मासे सोडून काही शिजलंच तर कोंबडी. पुढे कधीतरी बघू म्हणत मी तिचा डोहाळा हसण्यावारी नेला आणि तिच्या पानात पुरणपोळी वाढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या पडवीत नारळ खवत होते. ती येऊन उभी राहिली. "आई, बाळ आज गप्प आहे."

मी खवणीवरून उठले. मुलगा आदल्या दिवशीच कामासाठी मुंबईला गेला होता. यांनी गाडी काढली, मी तशीच, खोबऱ्याच्या हातानं मागं बसले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके नीट होते. "उन्हानं हिचं खाणं सुटलंय," त्या म्हणाल्या. "घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, डाव्या कुशीवर झोपवा आणि हालचाली मोजा. दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर हिला तशीच इकडे घेऊन या."

ठोके नीट आहेत, हे हिला कळलं, यांना कळलं. मला कळून उपयोग नव्हता. माझं पहिलं मूल सातव्या महिन्यातच गप्प झालं होतं. आंब्याचा हंगाम होता, पेट्या भरायला घरात माणसं, त्यांचं रांधायला मी. नवी सून, सांगणार कुणाला? दोन दिवस मी कुणालाच काही बोलले नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. नंतर एका बाईनं मला ऐकवलं, डोहाळे राहिले की असं होतं. हा मुलगा त्यानंतरचा. मी शिकलेली बाई आहे, त्या बोलण्याला अर्थ नाही हे मला समजतं. पण भीती कुठे शाळेत गेलेली असते?

येताना मी यांना कोल्ड स्टोरेजच्या दुकानापाशी थांबवलं. डुकराच्या सॉसेजचं एक पाकीट निघालं, सहा नग, बर्फात कडक झालेले. मी दुकानदाराला तारीख तीन वेळा वाचायला लावली. तिसऱ्यांदा त्यानं पाकीट माझ्याच हातात दिलं.

घरी सून माजघरात डाव्या कुशीवर आडवी झाली. उशाशी कागद आणि पेन्सिल. बाळ हललं की एक रेघ मारायची. मी घड्याळ बघितलं, बारा वाजत होते. मुलाला फोन लावला. तो तिकडून हळूहळू सांगत होता, पण आवाज त्याचाही सरळ नव्हता. बटाटे सालासकट साध्या पातेल्यात उकडायचे, गरम असतानाच सोलून चकत्या करायच्या. त्यावर कांदा, भाज्यांचं गरम पातळ सूप, व्हिनेगर आणि तिनं बॅगेतून आणलेली मोहरीची चटणी. सॉसेज नुसत्या गरम पाण्यात ठेवायचे, उकळी येऊ द्यायची नाही, मग बटरवर परतायचे.

"आणि आई, कुकर लावू नकोस."

"मी काय वेडी आहे?" मी म्हटलं.

बटाटे छान झाले. चकत्यांनी सूप पिऊन घेतलं. मी माजघरात डोकावले. कागदावर एक रेघ होती. सूनबाई छताकडे बघत होती आणि तिचा हात पोटावर नुसता पडून होता.

सॉसेज पाण्यात ठेवले. पंधरा मिनिटांनी एक कापून बघितलं. आत गुलाबी. मी ते नाकाशी नेलं, दूर केलं, परत नेलं. डुकराचं मटण आयुष्यात शिजवलं नव्हतं. हे असंच असतं की कच्चं आहे? पोटुशीला कच्चं गेलं तर? दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि माझं तर चांगलंच पोळलेलं. आमच्याकडे ज्याचा भरवसा नाही ते कुकरात जातं. उरलेले पाचही मी कुकरात टाकले, कापलेलंही टाकलं, झाकण लावलं.

पुन्हा जाऊन आले. एक तास उलटून गेला होता, रेघा दोन. हे देवघरासमोर हात जोडून उभे होते, पुटपुटत गाऱ्हाणं घालत होते. पलीकडे डुक्कर शिजतंय आणि इकडे गाऱ्हाणं. देवानं काय ते समजून घ्यावं.

"गाडी अंगणात तोंड फिरवून ठेवलीय," हे मला हळूच म्हणाले.

मी ओट्याला धरून उभी राहिले. एक शिट्टी झाली. आमचा कुकर जुना, त्याच्या शिट्टीला शेजारीपाजारी भोंगा म्हणतात. दुसरी झाली. तिसरी झाली आणि माजघरातून हाक आली, "आई!"

मी पळीसकट धावले. ती उठून बसली होती, दोन्ही हातांनी पोट धरून, डोळे मोठे झालेले. झालं, माझ्या मनात आलं, पुन्हा तेच. तिनं माझा हात ओढला आणि आपल्या पोटावर दाबला. तळव्याखाली काहीतरी जोरात सरकलं. मग लगेच आणखी एकदा.

"बाळ दचकलं," ती म्हणाली. "शिट्टी!"

कुकर उघडला तर सॉसेजच्या चिंध्या झालेल्या. सालं एकीकडे, मटण एकीकडे, वर चरबीचा तवंग. मी ते तसंच बटरवर परतून बटाट्यांशेजारी वाढलं. ताटाकडे बघून ती म्हणाली, "माझी आजी रडेल," आणि हसायला लागली. मी पदर डोळ्यांना लावला. तिनं बटाटे दोनदा मागून घेतले आणि चिंध्याही बोटांनी ताट पुसून खाल्ल्या. मधेच थांबून कागदावर रेघ मारायची, परत जेवायची.

मी शेजारी बसून होते, हात तिच्या पोटावर. अजून घाबरलेलीच होते. दहावी रेघ मारली तेव्हा दोन वाजायला काही मिनिटं होती. यांनी गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली. माझ्या पहिल्या वेळी पोटावर असा हात कुणी ठेवला नव्हता, आणि ठेव म्हणून मी कुणाला सांगितलंही नव्हतं. ही पोरगी चार शब्दांच्या मराठीत सांगून मोकळी झाली. मी हात काढला नाही. अकरा मोजल्या. बारा मोजल्या.