नाशिकला सरकलेली गच्ची

आमच्या तालुक्याच्या शाळेत दुर्बीण नव्हती, दुर्बिणीचा धडा होता. तो मला तोंडपाठ होता. त्यामुळे सुरतेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी ‘खगोलशास्त्राची ओळख’ असा विषय निघाला, तेव्हा निम्मा अभ्यास आधीच झालाय अशा समजुतीने मी तो घेतला. दुसरंही कारण होतं. प्रकल्प चांगला करणाऱ्या पाच जणांना डोंगरावरच्या वेधशाळेत नेऊन मोठ्या दुर्बिणीतून आकाश दाखवणार, अशी नोटीस लागली होती. त्या पाचांत मला जायचं होतं. धडा पाठ असलेल्या माणसाने एकदा तरी ती वस्तू बघावी, एवढंच.

मॅडमनी दिलेला प्रकल्प ऐकून मात्र वर्गाची निराशा झाली. कृष्णविवरं नाहीत, दीर्घिका नाहीत. एक काठी सरळ उभी करायची आणि दुपारी तिची सावली मोजायची. सावली सगळ्यात आखूड होते ती खरी मध्यान्ह. त्या वेळच्या सावलीवरून सूर्याची उंची काढायची, आणि उंचीवरून आपण पृथ्वीवर किती अक्षांशावर उभे आहोत ते. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणाच्या सणापर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, नोंदी घ्यायच्या होत्या.

“आपण सुरतमध्ये उभे आहोत हे आपल्याला माहीत नाही का?” मागच्या बाकावरून एकाने विचारलं.

“तुला माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुझ्या काठीला माहीत आहे का, ते बघू.”

मी सुरतेच्या पर्वत पाटिया भागात मामांकडे राहत होते. मामा साड्यांच्या मार्केटमध्ये पॅकिंगला. त्यांनी कापडाचा तागा गुंडाळतात ती पुठ्ठ्याची जाड नळी आणून दिली. खालच्या मजल्यावर काम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून कोन तपासायचा गुण्या मागून आणला, आणि गच्चीच्या फरशीशी बरोबर काटकोन करून ती नळी सिमेंटच्या गोळ्यात उभी केली. इतकं सरळ काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

मग रोज दुपारी मी गच्चीत. मला वाटलं होतं, घड्याळात बारा वाजले की सावली सगळ्यात आखूड होणार. पण बारा वाजून गेले तरी ती आखडतच राहिली. साडेबारा झाले तरी थांबेना. मी घाबरले, पुस्तक उघडलं. तेव्हा कळलं की घड्याळ सगळ्या देशाचं एकच असतं आणि सूर्य ज्याच्या त्याच्या गावचा. सुरत पश्चिमेला, म्हणून आमची मध्यान्ह उशिरा. खालून मामी हाका मारायची, “व माय, जेवाले ये ना आते! तो सूर्य काय पळी जाई ऱ्हायना का?” पळत नव्हता. चांगला रेंगाळत होता.

उत्तरायणाच्या दिवशी गच्चीत उभं राहायला जागा नव्हती. सुरतेत त्या दिवशी घरात कोणी नसतं. पतंग, मांजा, उंधियू, जिलेबी आणि दोन मोठे स्पीकर. स्पीकरवाल्यांना ऊन लागू नये म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी मंडप बांधला होता, आणि त्याची सावली नेमकी माझ्या नळीवर. मी काकांना म्हटलं, मंडप जरा सरकवता का, मला सूर्य हवाय.

“आजे तो बधाने सूरज जोईए,” आज सूर्य सगळ्यांनाच हवा, असं ते हसून म्हणाले. “कल माप लेना.”

“पण काका, उत्तरायण आजचं आहे ना, मॅडमनी आजचीच नोंद मागितलीय.” आणि खरं बोलायची खोड असल्यामुळे पुढे सांगून टाकलं, “तसं सूर्य उत्तरेला वळून तीन आठवडे झाले. माझ्या सावल्या डिसेंबरपासूनच आखूड होतायत.”

“तो पछी पतंग डिसेंबरमां उडाववानी?” काकांनी सगळ्या गच्चीला ऐकू जाईल असं विचारलं. “तेरे सूरज को बोल बेटा, छुट्टी चौदह की है!”

गच्ची खो खो हसली. मामीला हसणं आवडलं नाही. जिलेबीची ताटली खाली ठेवून तिने स्वतःच मंडपाची एक दोरी सोडली. कापड लोंबलं, ऊन आलं, स्पीकर तापले, आणि मी माझी सावली मोजली. “काप्यो छे!” असा पतंग कापल्याचा आरडाओरडा चालू असताना इतका आदर खुद्द सूर्याला त्या दिवशी फक्त आम्ही दोघींनी दिला असेल.

तोंडी परीक्षेला सगळ्यांचे अक्षांश एकवीस अंशांच्या थोडे वर आले, म्हणजे अगदी सुरत. माझे जेमतेम वीस.

“तुझी गच्ची नाशिकला आहे, बेटा,” मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला. मग त्यांनी बाकीच्यांचे कागद पुन्हा चाळले. “आणि तुमची सुरत जागेवर आहे. पण मध्यान्ह सगळ्यांची बरोबर बारा वाजता? एकाचीही पुढे नाही? गच्चीत गेला होतात की फोनमध्ये?”

मागच्या बाकावरच्याने फोन खिशात सारला.

“हिचा सूर्य खरा आहे. सुरत हललीय,” मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “का हलली ते शनिवारपर्यंत सांग. तरच यादीत नाव.”

घरी सांगितलं तर मामांना कोण आनंद. “नाशिक? मंग आपन महाराष्ट्र सोडाच नही म्हन!” त्यांनी शेजारच्या दोन खानदेशी घरांनाही कळवलं. मला मात्र जेवण जाईना. गणित तीनदा तपासलं, पट्टी तपासली, नळी गुण्याने पुन्हा तपासली. काटकोन चोख होता.

शुक्रवारी मामी गच्ची धुवायला निघाली. सणाचा चिकट पाक आणि मांजाचे गुंते अजून तसेच होते. तिने बादली ओतली, आणि पाणी माझ्या नळीला वळसा घालून सरळ दक्षिणेच्या पाइपाकडे धावलं. मी झाडू हातात घेऊन बघत राहिले. गच्चीला उतार असतो. पाणी साचू नये म्हणून तो मुद्दाम ठेवतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी काटकोन उतरत्या फरशीशी केला होता, त्यामुळे माझी नळी महिनाभर सूर्यापुढे अदबीने वाकून उभी होती. सावली आखूड पडली, आणि आम्ही दक्षिणेला गेलो.

“काय व्हयनं?” मामीने विचारलं.

“मामी, ओळंबा लावायला हवा होता. दोरीला दगड बांधून.”

“मंग बांध ना. रडस काय?”

बांधला. नळी किती कललीय ते मोजलं, सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या, आणि आम्ही सर्वजण सुरतेला परत आलो. शनिवारी मॅडमनी कागद पाहिला. “कागदावर सुरत सगळ्यांनाच सापडते,” म्हणाल्या आणि यादीत माझं नाव पहिलं लिहिलं. मी त्यांच्या पाया पडले. प्रयोगशाळेत असं करत नाहीत, हे मला नंतर कळलं.

त्या यादीत ते एकच नाव राहिलं. पण पाच जणांसाठीसुद्धा बस चाळीस सीटचीच मिळाली होती आणि ऑफिसचं म्हणणं पडलं की एका मुलीसाठी बस नेता येत नाही. म्हणून बारा वाजताच्या मध्यान्हीवाले सगळेच आले. बारडोली मागे पडेपर्यंत माझ्या सीटभोवती घोळका होता. वही दे, खरी मध्यान्ह किती वाजता लिहायची सांग, जर्नल पुन्हा लिहून द्यायचंय. मी वही दिली, आणि घड्याळ व सूर्य यांचं का जमत नाही तेही समजावून सांगायला लागले. तोवर त्यांचं लिहून झालं होतं. माझी निवड गुणवत्तेवर झालेली असल्यामुळे कॉलेजच्या छोट्या दुर्बिणीचं लोखंडी स्टँड मॅडमनी विश्वासाने माझ्या मांडीवर दिलं होतं. घाट सुरू झाला तसे बाकीचे झोपले. मी स्टँड घट्ट धरून जागी बसले. मला फार बरं वाटत होतं.