भाऊची तब्येत

मलकापुरात माणसाला नातं लागतंच. मी कॉलेजात नोकरीला लागलो, भाड्याने घर घेतलं, आणि वर्षभरात तो माझ्याकडे राहायला आला. तो कोण, हे आम्ही कोणालाच सांगितलं नाही; गल्लीनेच त्याला माझा भाऊ करून टाकलं. आमच्या नाकाडोळ्यांत काडीचं साम्य नाही, तरी शेजारच्या वहिनी म्हणायच्या, दोघांची चाल अगदी सारखी. ते ऐकून त्याला हसू आवरायचं नाही. मोटार वायंडिंगच्या दुकानात दिवसभर वाकून बसणारा तो आणि फळ्यासमोर ताठ उभा राहणारा मी. चाल सारखी कुठून असणार?

यंदा त्याचं हृदयाचं दुखणं निघालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तेव्हापासून वहिनींकडून रोज संध्याकाळी बिनमिठाच्या खिचडीचा डबा येऊ लागला. त्यांचे यजमान आमच्याच कॉलेजात, माझ्याहून ज्येष्ठ. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत. म्हणून आम्ही त्यात कधी फुटाणे, कधी पेरू घालून देत असू. डबा घेताना वहिनी दारातच विचारायच्या, "भाऊची तब्येत कशी हाय?"

कॉलेजात आम्हा कर्मचाऱ्यांचा स्वतःचा आजारपणाचा निधी आहे. नवरा, बायको, मुलं, आईवडील यांच्यासाठी त्यातून मदत मिळते. नव्याने आलेल्या एका बाईंनी बैठकीत ठराव मांडला, की लग्नाविना एकत्र राहणारा जोडीदारही त्यात धरावा, मग ते दोघे पुरुष असोत की दोघी बाया. बाईंना माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. मी मात्र एकेक शब्द कान देऊन ऐकत होतो. ऑपरेशन तोंडावर आलं होतं.

एकाने कायदा काढला. सरकारला जे लग्न मान्य नाही, ते मान्य करणारे आपण कोण? दुसऱ्यांना मुलांवरच्या संस्कारांची काळजी पडली. हे गृहस्थ तासाला कधी वेळेवर जात नाहीत, पण संस्कारांचं ओझं त्यांच्याच डोक्यावर. तिसरा म्हणाला, आपल्यात असं कोणी आहे तरी का? त्यावर सगळे हसले. ते हसणं मला सोसलं नाही. मी उभा राहिलो.

"आहे," मी म्हणालो. "माझ्या घरात राहतो, तो माझा भाऊ नाही."

कोणी चकित झालं नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. सगळे टेबलाकडे बघत बसले. मग वहिनींचे यजमान हळू आवाजात बोलले, "सर, हे का आमाले माहीत नोतं? झाकली मूठ सव्वा लाखाची असते. काऊन उघडली?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी भांडलो तरी असतो. ठराव पुढच्या बैठकीवर ढकलून सगळे चहाला गेले. इतकी वर्षं मी एकटा लपवतोय असं समजत होतो, आणि ही सगळी माणसं ते जाणून माझ्यासमोर बसत होती. एवढं एकटं मला लपवतानाही कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी डबा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आदल्या खेपेचा डबा आमच्याकडेच होता. बैठकीतलं सगळं मी त्याला सांगितलं होतं. "बरं केलं," तो म्हणाला. त्याने डबा स्वतः घासला, मी आणलेले शेंगदाण्याचे लाडू त्यात भरले आणि माझ्या हातात दिला. वहिनी तशा नाहीत, त्या विचारतीलच, असं त्याचं म्हणणं.

वहिनींनी दार उघडलं, डबा घेतला. काहीतरी विचारायला त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. भाऊ म्हणणं आता शक्य नव्हतं, आणि दुसरं काय म्हणायचं ते त्यांना सुचेना. "ऊन लय तापलं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी परतलो तेव्हा तो खाटेवर उठून बसला होता.

"मले इचारलं का वहिनीनं?"

"हाव," मी म्हणालो. "तब्येत कशी हाय म्हने."

तो समाधानाने आडवा झाला. "पाह्य," तो म्हणाला, "म्हनलं होतं ना मी."