ऑर्विलचा लाल रंग

कोरिनचा पाय ऑर्विलच्या पायावर पडला तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, असं तो सत्तरीतही शपथेवर सांगतो. ती फक्त "सॉरी हं!" म्हणाली होती, पण याच्या हातातल्या रंगाच्या चारही बाटल्या जिन्यावरून गडगडत खाली गेल्या.

साल १९६७. रॉक संगीताच्या एका हॉलमध्ये ऑर्विल मागच्या माळ्यावर दिवे सांभाळायचा. घड्याळाच्या दोन काचांमध्ये रंगीत तेल आणि पाणी दाबून तो ते दिव्याने भिंतीवर पाडायचा. गिटार किंचाळली की रंग फुगायचे. त्या दिवशी कोरिन भिंतीपाशी नाचत होती, आणि ऑर्विलने होता नव्हता तेवढा लाल रंग दिव्यातून तिच्यावर ओतला. आयुष्यात त्याने कुणाला एवढं मोठं पत्र लिहिलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ती धावतच माळ्यावर आली.

"अरे, तो लाल रंग कुणी केला? मी रडले रे! ज्याने केला त्याला सोडणार नाही मी!"

दिवेवाल्यांचा एक नियम होता. कुणी कौतुक केलं की बँडकडे बोट दाखवायचं. ऑर्विलने नियम पाळला.

"आपण काय, बँड वाजवतो तसे रंग हलतात. सगळं त्या गिटारवाल्याचं."

"खरंच?"

"हो," तो म्हणाला. ती जिना उतरून थेट गिटारवाल्याकडे गेली.

"गाढवा, एक दिवस नियम मोडला असतास तर?" जोडीदार मॉर्ट काचा पुसत म्हणाला.

ऑक्टोबरात कोरिनने गिटारवाल्याशी लग्न केलं.