ओल्शिन्काची ‘पडीक’ जमीन

नंदकिशोर पोंक्षे नागोयात आला त्याला अकरा वर्षं झाली. सांगलीत सिव्हिल इंजिनिअर झालेला, आता मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नव्या कारखान्यांच्या जागांचे आराखडे काढायचा. ऑफिसात त्याचा आवाज कधी चढला नव्हता. सहकारी कौतुकाने म्हणायचे, पोंक्षे-सान आमच्यापेक्षा जपानी! तो हसायचा, आणि घरी येऊन बायकोवर, टीव्हीवर, कचऱ्याच्या वेगवेगळ्या पिशव्यांवर चिडायचा.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने पोलंडमधल्या ओल्शिन्का नावाच्या खेड्यात कारखाना काढायचं ठरवलं. शंभरेक घरं, एक संथ नदी, भोवती राईची शेतं. नकाशात नदीकाठचा तुकडा ‘पडीक’ म्हणून दाखवलेला होता. नंदकिशोरने तिथे ट्रकांचा तळ आखला.

परवानगीआधी गावकऱ्यांचं ऐकून घेणं भाग होतं. व्हिडिओ कॉलवर हालिना नावाच्या पंचाहत्तरीच्या बाई आल्या. शेजारी दुभाषी मुलगी होती.

“पडीक कुठे? तिथे कबरी आहेत,” बाई म्हणाल्या.

“तुमच्या लोकांच्या?”

“नाही. जर्मनांच्या.”

दुसऱ्या महायुद्धाआधी ते गाव जर्मन होतं, नाव एर्लेनाऊ. युद्ध संपलं, सीमा सरकली, जर्मनांना हाकलून दिलं. ज्या पोलिश लोकांची पूर्वेकडची गावं सोव्हिएत संघात गेली, त्यांना मालगाडीने इथे आणून सोडलं. हालिनाबाईंची आई त्यातलीच, सोबत एक गाय. मिळालेल्या घरात टेबलावर दुसऱ्या कुणाची तरी ताटं तशीच मांडलेली होती.

“आई त्या अनोळखी कबरींवरचं गवत काढायची. म्हणायची, माझ्या आईची कबर तिकडे राहिली, तिथलं गवतही कुणीतरी काढत असेल. आता मी काढते.”

नंदकिशोरने विचारलं, “तिथे पाणी चढतं का?”

बाई हसल्या. “गावाच्या दोन्ही नावांचा अर्थ एकच. पाणथळीतल्या झाडांची जागा. बर्फ वितळलं की कबरींखालच्या कुरणात गुडघाभर पाणी असतं.”

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये त्याचे साहेब, मोरिता-सान, शांतपणे म्हणाले, “गावकऱ्यांच्या भावना समजून घेतल्या, असं लिहा.”

“आणि आराखडा?”

“तोच. त्या कबरींना वारस नाही. कायद्याने तिथे कोणीच नाही.”

नंदकिशोरचा आवाज चढला. “कोणीच नाही? एक म्हातारी गुडघे टेकून तिथलं गवत काढते, आणि आपण पडीक लिहितो! मी लिहिलं, माझ्या हाताने! आणि पाणी? ते पण तिथे नाही का?”

कुणीतरी उठून हळूच दार लावून घेतलं. त्यामुळे तो आणखीच भडकला. आराखड्यावर हान्को, म्हणजे नावाचा शिक्का, मारायला त्याने साफ नकार दिला. आठवड्याने त्याला ‘विश्रांतीसाठी’ प्रोजेक्टवरून काढलं. जाताना त्याने कबरी आणि पाणी दोन्हींबद्दल तीन पानी हरकत लिहून फाइलला लावली. लावलेला कागद काढता येत नाही, हा कंपनीचाच नियम होता.

“नोकरी गेली तर व्हिसाचं काय? आपल्या तन्वीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे,” शिक्का नाकारला त्या रात्री बायको, कल्पना, म्हणाली होती.

“मग मारू शिक्का?”

“मारू नकोस. पण ओरडलास कशाला?”

“अकरा वर्षं हळू बोललो. ऐकलं कुणी?”

फाइल पोलंडला गेली. तिथल्या ऐतिहासिक वारसा जपणाऱ्या सरकारी खात्यातल्या कुणीतरी ती हरकत वाचली आणि नव्याने मोजणी मागितली. एकतीस कबरी निघाल्या. त्यांना कुंपण घातलं गेलं, ट्रकांचा तळ बाजूला सरकला. सरकला तो नेमका कुरणात. कुरण भरावाने भरून टाकलं.

यंदा मार्चमध्ये पाण्याने दुसरी वाट धरली. दुभाषी मुलीने फोटो पाठवला. हालिनाबाईंच्या गोठ्यात पाणी होतं, आणि बाई गमबूट घालून दारात उभ्या होत्या.

नंदकिशोरने फोटो छापून मोरिता-सानच्या टेबलावर आपटला. “पान दोन. लिहिलं होतं मी.”

मोरिता-सान उठले, वाकले. “पोंक्षे-सान, माफ करा.”

“माझी माफी नको! त्या बाईंना लिहा. पाणी काढायला चर कधी खणणार, तेही लिहा.”

“लिहीन. या आठवड्यात.”

“आत्ता.”

सगळं ऑफिस बघत होतं. मोरिता-सान सावकाश खाली बसले आणि कीबोर्ड पुढे ओढला. पत्र लिहून होईपर्यंत नंदकिशोर त्यांच्या खुर्चीशेजारून हलला नाही.